घरच्या स्टीरिओतील टोचणारा आवाज : निदान आणि उपाय

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• ‘ब्राइट’ किंवा टोचणारा आवाज म्हणजे काय, हे वारंवारितेच्या भाषेत सांगणे.
• दोष रेकॉर्डिंगचा, जोडणीचा, खोलीचा की स्पीकरचा, हे साध्या तपासण्यांनी ओळखणे.
• खोलीच्या निनादकालाचे ढोबळ गणित करणे.
• प्रत्येक कारणासाठी योग्य उपाय निवडणे आणि निरुपयोगी खर्च टाळणे.

पूर्वतयारी म्हणून बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी गणिते वगळून पाठ वाचला तरी मुख्य मुद्दा समजेल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. दुकानात दोन-तीन स्पीकर ऐकले, त्यातला सर्वांत ‘क्लिअर’ वाटला तो घेतला. घरी आणल्यावर पहिले दोन दिवस आनंदात गेले. तबल्याची चाट, सतारीचा झाला, गायिकेचा श्वास, सगळे स्वच्छ ऐकू येत होते. आठवड्याभराने मात्र अर्धा तास ऐकले की कान थकू लागले. ‘स’ हे अक्षर आले की सुई टोचल्यासारखे वाटू लागले. हळूहळू गाणे ऐकणेच कमी झाले.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. नवीन वस्तू विकत घेतात, किंवा ट्वीटरवर (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरवर) काहीतरी झाकतात. दुसऱ्या उपायाला एक प्रसिद्ध इतिहास आहे. जपानच्या यामाहा कंपनीने १९७८ साली घरगुती वापरासाठी एनएस-१०एम नावाचा लहान स्पीकर बाजारात आणला. घरोघरी त्याला फारसे यश मिळाले नाही. मात्र रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये तो मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला. तिथे ऐकणारा त्याच्या अगदी जवळ असे आणि उंच स्वर कानाला टोचत. म्हणून १९८० च्या दशकात ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवण्याची पद्धत पडली. पुढे कोणता कागद चांगला, किती पदरी, ट्वीटरपासून किती अंतरावर, यावरही चर्चा होऊ लागल्या.

बॉब होडास या ध्वनितंत्रज्ञाने १९८६ मध्ये या कागदाचा परिणाम मोजून पाहिला. कागदाने ट्रेबल (उंच स्वरांचा भाग) कमी होत होते हे खरे, पण सर्व वारंवारितांवर सारखे नाही. काही ध्वनी कागदावरून मागे परावर्तित होऊन मूळ ध्वनीत मिसळत होता. शिवाय कागद बदलला की परिणामही बदलत होता. यामाहाने १९८७ मध्ये स्टुडिओसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि तिचे ट्रेबल मुळातच सौम्य केले.

या हकिगतीत आपल्या पाठाचे सूत्र आहे. तंत्रज्ञांची तक्रार खरी होती. मात्र किती कमी करायचे आणि कुठे कमी करायचे, हे दोन प्रश्न कागदाच्या हाती सोपवले गेले. आपण हे दोन प्रश्न आधी विचारणार आहोत आणि उपाय नंतर निवडणार आहोत.

२. ‘ब्राइट’ म्हणजे नेमके काय?

निरोगी तरुण कानाला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी ऐकू येतो. या पट्ट्याच्या वरच्या भागातील ऊर्जा खालच्या भागाच्या तुलनेत जास्त झाली, की आवाज ‘ब्राइट’ वाटतो. या व्याख्येतील ‘तुलनेत’ हा शब्द अधोरेखित करा. ट्रेबल योग्य असून बेस (खर्जाकडचा भाग) कमी पडला, तरी कानाला तीच तक्रार जाणवते. जेवणात मीठ जास्त झाले की भाजी कमी पडली, हे चवीवरून लगेच कळत नाही. तसेच हे आहे.

वरचा भागही एकसंध नाही. सोयीसाठी त्याचे तीन पट्टे करू :

• २ ते ५ किलोहर्ट्झ : आवाजाचा ठसा, व्यंजनांची स्पष्टता. येथे अतिरेक झाला तर आवाज कर्कश, ओरडल्यासारखा वाटतो. हार्मोनियम आणि सनई त्रासदायक होतात.
• ५ ते ८ किलोहर्ट्झ : ‘स’काराचा पट्टा. अतिरेक झाला तर प्रत्येक ‘स’ आणि ‘च’ शिट्टीसारखा फुटतो.
• ८ किलोहर्ट्झच्या पुढे : झांजा, टाळ, घुंगरू यांची चमक. अतिरेक झाला तर आवाज काचेसारखा, पातळ वाटतो.

घरच्या घरी पट्टा ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मराठीत ‘स’ आणि ‘श’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. ‘श’ची ऊर्जा मुख्यतः ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास असते, तर ‘स’ची त्याहून वर, ५ ते ८ किलोहर्ट्झकडे. बातम्यांचे किंवा अभिवाचनाचे चांगले रेकॉर्डिंग लावा. फक्त ‘स’ टोचत असेल तर दोष वरच्या पट्ट्यात आहे. ‘श’सुद्धा ठळक होऊन पुढे येत असेल, तर मधल्या पट्ट्याकडे लक्ष द्या. ही चाचणी ढोबळ आहे, तरी दिशा दाखवते.

२.१ कान कुठे हळवा आहे?

आपला कान सर्व वारंवारितांना सारखा दाद देत नाही. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये समान मोठेपणाचे वक्र प्रसिद्ध केले, त्यातून ही गोष्ट आकड्यांत मांडली गेली. २ ते ५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात कान सर्वाधिक संवेदनशील असतो. त्याचे एक कारण कानाच्या नळीच्या लांबीत आहे.

उदाहरण १. कानाची नळी सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असून एका टोकाला पडद्याने बंद आहे. एका टोकाला बंद असलेल्या नळीत तरंगलांबीचा चौथा भाग नळीच्या लांबीएवढा असताना अनुनाद होतो. म्हणून

वारंवारिता = ध्वनीचा वेग ÷ (४ × लांबी) = ३४३ ÷ (४ × ०.०२५) = ३४३० हर्ट्झ.

म्हणजे सुमारे ३.४ किलोहर्ट्झच्या आसपास आपली कर्णनळीच ध्वनी वाढवून देते. या भागात स्पीकरने २-३ डेसिबेल जास्त दिले तरी ते पटकन जाणवते. बेसमध्ये तेवढाच फरक अनेकांच्या लक्षातही येत नाही.

त्याच वक्रांतून आणखी एक गोष्ट कळते. आवाज हळू ठेवला की बेसबद्दलची कानाची संवेदना ट्रेबलपेक्षा जास्त घटते. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात लावलेले गाणे पातळ वाटते, ते यामुळे.

३. आधी निदान : फुकटच्या पाच तपासण्या

पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील तपासण्या याच क्रमाने करा.

(अ) रेकॉर्डिंग. तुमच्या परिचयाची आठ-दहा रेकॉर्डिंग वेगवेगळ्या काळांतील, वेगवेगळ्या प्रकारांतील निवडा. त्यातली दोनच टोचत असतील, तर दोष त्या दोन रेकॉर्डिंगचा आहे. तुमची यंत्रणा ते प्रामाणिकपणे दाखवत आहे, एवढेच. सगळीच टोचत असतील तर पुढे जा.

(आ) सेटिंग. फोन, गाण्यांचे अ‍ॅप, अ‍ॅम्प्लिफायर अशा तीन-तीन ठिकाणी टोन बदलण्याची सोय असते. एखाद्या ठिकाणी कधीतरी चालू केलेले ‘रॉक’ किंवा ‘व्होकल’ सेटिंग तसेच राहिलेले असते. सर्व ठिकाणी ते बंद किंवा शून्यावर आणा.

(इ) तारांची दिशा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या जोडण्या तपासा. एका स्पीकरची जोडणी उलट झाली, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. लांब तरंगांच्या बेसमध्ये दोघांचे ध्वनी एकमेकांना खोडतात. बेस गेला की उरलेला आवाज आपोआप ब्राइट वाटतो. खात्रीसाठी एका व्यक्तीच्या बोलण्याचे रेकॉर्डिंग लावा. जोडणी योग्य असेल तर आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून येतो. उलट असेल तर तो डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो आणि नेमका कुठून येतो ते सांगता येत नाही.

(ई) रेकॉर्ड-प्लेअरची जोडणी. तबकडी कोरताना बेस मुद्दाम कमी आणि ट्रेबल मुद्दाम जास्त ठेवतात. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० किलोहर्ट्झला ही वाढ जवळजवळ २० डेसिबेल असते. वाजवताना ‘फोनो’ नावाचे सर्किट हा बदल उलटवते. प्लेअर चुकून ‘ऑक्स’ला जोडला आणि मध्ये फोनो सर्किट नसले, तर आवाज लहान, पोकळ आणि अतिशय तीक्ष्ण येतो. येथे योग्य सॉकेट हाच उपाय.

(उ) अ‍ॅम्प्लिफायरची ताकद. आवाज थोडा कमी करून पाहा. व्हॉल्यूम किंचित उतरवल्यावर कर्कशपणा एकदम नाहीसा होत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे चालत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी तरंगाचा माथा कापला जातो. १ किलोहर्ट्झच्या शुद्ध स्वराचे माथे दोन्ही बाजूंनी सारखे कापले, तर ३, ५, ७ किलोहर्ट्झचे विषम गुणित स्वर तयार होतात. म्हणजे मूळ संगीतात नसलेले ट्रेबल यंत्रच निर्माण करते. ट्रेबलचे बटण फिरवून हा दोष जात नाही. आवाज कमी ठेवणे, स्पीकरच्या जवळ बसणे किंवा अधिक क्षमतेचा अ‍ॅम्प्लिफायर, एवढेच मार्ग राहतात. अशी स्थिती जास्त वेळ चालू ठेवल्यास ट्वीटर जळूही शकतो.

४. सर्वांत मोठा संशयित : खोली

आपल्याकडच्या खोल्या आठवा. सिमेंटच्या गुळगुळीत रंगवलेल्या भिंती, टाइल्सची किंवा कोटा दगडाची फरशी, काचेच्या खिडक्या, पत्र्याचे कपाट. उन्हाळ्यात या गोष्टी सोयीच्या आहेत. पण ध्वनीच्या दृष्टीने हे सगळे आरसे आहेत. स्पीकरमधून निघालेला ध्वनी एकदा थेट कानावर येतो आणि नंतर अनेकदा भिंतींवरून उडून येतो. दुकानातील डेमोच्या खोलीत गालिचा, सोफा आणि पडदे असतात. तोच स्पीकर तुमच्या रिकाम्या खोलीत वेगळा वाटला, तर त्यात नवल नाही.

मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर ‘झ्झ्झ’ असा फडफडता ध्वनी ऐकू आला, तर दोन समोरासमोरच्या कडक भिंतींमध्ये ध्वनी ये-जा करत आहे.

४.१ साबिनचे सूत्र

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कला संग्रहालयाच्या नव्या सभागृहात व्याख्याने नीट ऐकू येईनात. ते सुधारण्याचे काम वॉलेस साबिन या तरुण प्राध्यापकावर आले. त्यांनी जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून सभागृहात मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. गाद्यांची संख्या बदलत त्यांनी ही मोजणी पुन:पुन्हा केली. त्यातून पुढे हे सूत्र आले :

निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरसमीटर)

निनादकाल म्हणजे ध्वनी ६० डेसिबेलने उतरायला लागणारा वेळ. एकूण शोषण काढण्यासाठी प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ त्याच्या शोषणांकाने गुणून बेरीज करतात. शोषणांक ० असेल तर सर्व ध्वनी परततो, १ असेल तर काहीच परतत नाही.

उदाहरण २. खोली ४ मीटर × ३ मीटर, उंची ३ मीटर. घनफळ ३६ घनमीटर, सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ६६ चौरसमीटर. २ किलोहर्ट्झला कडक पृष्ठभागांचा सरासरी शोषणांक ०.०४ धरू.

रिकामी खोली : शोषण = ६६ × ०.०४ = २.६४. निनादकाल = ५.८ ÷ २.६४ = सुमारे २.२ सेकंद.

आता एका भिंतीवर ६ चौरसमीटर जाड, चुणीदार पडदा लावू (शोषणांक ०.६) : शोषण ६.०, निनादकाल ०.९७ सेकंद.

फरशीवर ४ चौरसमीटर जाड सतरंजी किंवा गालिचा (शोषणांक ०.४) : शोषण ७.४४, निनादकाल ०.७८ सेकंद.

गादी-उशांसह पलंग आणि बसलेला एक माणूस मिळून आणखी २.५ : शोषण ९.९४, निनादकाल ०.५८ सेकंद.

घरी संगीत ऐकण्यासाठी सुमारे अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा निनादकाल सोयीचा असतो. म्हणजे पडदा, सतरंजी आणि गादी या घरातल्याच वस्तूंनी आपण २.२ सेकंदांवरून तिथपर्यंत आलो. पहिल्या पडद्याचा परिणाम सर्वांत मोठा होता, हेही लक्षात घ्या. रिकाम्या खोलीत पहिली मऊ वस्तू जितके काम करते, तितके दहावी करत नाही. लहान खोलीत हे सूत्र अगदी काटेकोर नसते, पण दिशा दाखवण्यास पुरेसे आहे.

४.२ कुठे आणि किती जाड?

सर्व भिंती झाकायची गरज नाही. स्पीकरमधून निघून बाजूच्या भिंतीवर एकदाच उडून कानावर येणारा ध्वनी सर्वांत जोरकस असतो. समजा, थेट अंतर २ मीटर आणि भिंतीवरून येणाऱ्या मार्गाची लांबी २.६ मीटर आहे. परावर्तित ध्वनी फक्त १.७५ मिलिसेकंद उशिरा येतो आणि कडक भिंत असेल तर केवळ २.३ डेसिबेलने कमी असतो. मेंदू त्याला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ओळखत नाही. मूळ आवाजातच मिसळून टाकतो.

ही जागा शोधायला प्रकाशाचा नियम वापरा. नेहमीच्या जागी बसा आणि मित्राला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात ज्या ठिकाणी तुम्हाला स्पीकरचा ट्वीटर दिसेल, तिथे परावर्तन होते. तिथे पडदा लावा, पुस्तकांचे उघडे कपाट ठेवा, किंवा जाड गोधडी टांगा. समोरच्या फरशीवर हीच युक्ती सतरंजीची जागा सांगते.

जाडीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. भिंतीला अगदी चिकटून हवेचे कण हलत नाहीत, म्हणून तिथल्या कापडात घर्षणही होत नाही. कणांची हालचाल भिंतीपासून पाव तरंगलांबीवर सर्वाधिक असते. ३ किलोहर्ट्झसाठी तरंगलांबी ११.४ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग सुमारे २.९ सेंटिमीटर. म्हणून भिंतीला चिकटवलेले पातळ कापड फक्त अगदी वरच्या चमकेवर काम करते. तेच कापड भिंतीपासून ८-१० सेंटिमीटर पुढे, भरपूर चुण्या देऊन टांगले तर ते २-३ किलोहर्ट्झपर्यंत आणि त्याहून खालीही उपयोगी पडते.

येथे एक सावधगिरीची सूचना. पडदे आणि सतरंज्या बेस फारच थोडा शोषतात. भिंती, फरशी, छत सगळे झाकले तर ट्रेबल मरते आणि बेस घुमत राहतो. टोचणारा आवाज जाऊन कोंदट आवाज आला, तर आपण एका दोषाऐवजी दुसरा आणला. टप्प्याटप्प्याने मऊ वस्तू वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर ऐका.

५. स्पीकरची जागा आणि कोन

५.१ कोन. बहुतेक घरगुती ट्वीटर २५ मिलिमीटर व्यासाचे असतात. तरंगलांबी ट्वीटरच्या आकाराच्या जवळ येऊ लागली, की ध्वनी टॉर्चच्या झोतासारखा समोर एकवटतो. सपाट चकतीचे गणित केले तर समोरच्या रेषेपासून ३० अंश बाजूला १० किलोहर्ट्झचा ध्वनी सुमारे १.५ डेसिबेलने आणि १५ किलोहर्ट्झचा सुमारे ३.५ डेसिबेलने कमी मिळतो. ३ किलोहर्ट्झला मात्र ट्वीटरच्या बाबतीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

म्हणून स्पीकर तुमच्या कानांवर रोखलेले असतील, तर ते थोडे सरळ करा. म्हणजे त्यांच्या रेषा तुमच्या कानांच्या बाहेरून जातील. काचेसारखी चमक यामुळे उतरते. परंतु तक्रार ‘श’च्या पट्ट्यातली असेल, तर एवढ्याने भागणार नाही. शिवाय स्पीकर सरळ केल्यावर बाजूच्या भिंतीवर जास्त ध्वनी पडतो. तेव्हा तिथला पडदा आणि हा कोन यांचा विचार एकत्र करा.

५.२ भिंतीपासूनचे अंतर. मागची भिंत जवळ आली की बेस वाढतो. एका मोठ्या भिंतीमुळे ही वाढ तत्त्वतः ६ डेसिबेलपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्षात कमी मिळते. लहान स्पीकर खोलीच्या मधोमध स्टँडवर ठेवले असतील आणि आवाज पातळ वाटत असेल, तर ते १०-१० सेंटिमीटरने भिंतीकडे सरकवत ऐका. ट्रेबलला हात न लावता समतोल साधण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. बेस घुमू लागला की एक पाऊल मागे या.

५.३ तुमची जागा. अंतर दुप्पट केले की थेट ध्वनी ६ डेसिबेलने घटतो, पण खोलीत भरून राहिलेला ध्वनी जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे दूर बसल्यास तुम्ही स्पीकरपेक्षा खोली जास्त ऐकता. कडक खोलीत थोडे पुढे सरकून बसल्यास आवाज सुधारतो. मात्र अगदी मागच्या भिंतीला डोके टेकून बसणे टाळा.

६. टोन कंट्रोल आणि इक्वलायझर

काही हौशी लोकांत टोन कंट्रोलला कमीपणा मानण्याची पद्धत आहे. त्याचे कारण नाही. पीटर बॅक्संडॉल यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेले बेस-ट्रेबल सर्किट पुढे असंख्य अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वापरले गेले. १९८२ च्या सुमाराच्या क्वॉड ३४ या ब्रिटिश प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये ‘टिल्ट’ नावाचे बटण होते. ते तराजूच्या दांडीप्रमाणे ट्रेबल थोडे खाली आणि बेस थोडा वर करत असे. ‘ब्राइट म्हणजे तुलनेत जास्त’ ही आपली व्याख्याच तिथे सर्किटमध्ये उतरली होती.

आज फोनवर किंवा संगणकावर पॅरामेट्रिक इक्वलायझर मोफत मिळतो. त्यात तीन गोष्टी ठरवायच्या असतात : मध्यवारंवारिता, किती डेसिबेल आणि किती रुंद पट्टा (हा ‘क्यू’ या आकड्याने दाखवतात, क्यू लहान तर पट्टा रुंद). सुरुवात अशी करा :

• एकूणच आवाज ब्राइट असेल : ४ किलोहर्ट्झच्या वर ‘हाय शेल्फ’, उणे २ डेसिबेल.
• कर्कशपणा असेल : ३ किलोहर्ट्झ, उणे २ डेसिबेल, क्यू १.
• ‘स’ टोचत असेल : ६ किलोहर्ट्झ, उणे २ ते ३ डेसिबेल, क्यू २.

१ डेसिबेलने सुरुवात करा. एकदम ६-७ डेसिबेल कमी करावेसे वाटत असेल, तर थांबा. बहुधा निदान चुकले आहे किंवा जोडणीत दोष आहे. इक्वलायझरने खोलीचा निनाद कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवा. तो फक्त खोलीत जाणारा ध्वनी बदलतो.

स्वतः स्पीकर बांधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. ट्वीटरआधी दोन रोधांची जोडी (एल-पॅड) बसवता येते. ८ ओहमच्या ट्वीटरला २ डेसिबेल कमी करायचे असेल, तर मालिकेत सुमारे १.६ ओहम आणि ट्वीटरला समांतर सुमारे ३१ ओहम लागतात. असे केल्याने क्रॉसओव्हरला दिसणारा भार ८ ओहमच राहतो आणि त्याचे गणित बिघडत नाही. वॉरंटीतील स्पीकर मात्र उघडू नका.

७. पैसे कुठे वाचवावेत?

टोचणाऱ्या आवाजावर ‘मऊ आवाजाची’ महागडी केबल सुचवली जाते. याचे गणित तुम्ही स्वतः करू शकता.

उदाहरण ३. घरातील वायरिंगसाठी मिळणारी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार घ्या. तिचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम. स्पीकर ३ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे सुमारे ०.०४ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरसाठी फरक २० × लॉग (८.०४ ÷ ८) = सुमारे ०.०४ डेसिबेल. आपल्याला २ डेसिबेल हवे आहेत. साधी, पुरेशी जाड तार वापरा आणि उरलेले पैसे पडद्यासाठी ठेवा.

८. काम करण्याची पद्धत

निदान बिघडते ते घाईमुळे. पुढील चार नियम पाळा.

१. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा.
२. तुलना करताना दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवा. जरा मोठा आवाज नेहमीच ‘चांगला’ वाटतो. दुकानातही हेच घडते.
३. प्रत्येक बदलानंतर तीच तीन रेकॉर्डिंग ऐका. त्यात एक मानवी आवाजाचे असू द्या.
४. फोनवरील स्पेक्ट्रम दाखवणारे अ‍ॅप वापरायला हरकत नाही. फोनचा मायक्रोफोन अचूक नसतो, पण ‘बदलापूर्वी आणि बदलानंतर’ अशी तुलना त्याच फोनने, त्याच जागी ठेवून करता येते.

मानवी आवाजाची एक छान चाचणी आहे. मित्राचे वाचन फोनवर नव्हे, तर शक्यतो चांगल्या मायक्रोफोनवर, मऊ सामान असलेल्या खोलीत रेकॉर्ड करा. मग त्याला दोन स्पीकरच्या मध्ये उभे करून तोच उतारा वाचायला सांगा, आणि लगेच रेकॉर्डिंग लावा. खऱ्या माणसाशी तुलना केल्यावर आपल्या कानाची दिशाभूल होणे कठीण असते.

९. कानांची काळजी

टोचणारा आवाज सहन करत ऐकणे आणि त्यावर मात करण्यासाठी आवाज आणखी वाढवणे, दोन्ही वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबेल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फक्त स्टीरिओच नव्हे, तर भांड्यांचा, हॉर्नचा, माणसांच्या बोलण्याचा आवाजही अलीकडे टोचू लागला असेल, किंवा कानात सतत शिट्टी वाजत असेल, तर हा स्टीरिओचा प्रश्न नाही. अशा वेळी पडदे विकत घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटा.

सारांश

आवाज ब्राइट वाटतो तेव्हा उंच स्वरांची ऊर्जा खालच्या स्वरांच्या तुलनेत जास्त असते. हा असमतोल रेकॉर्डिंग, सेटिंग, उलटी जोडणी, कमी पडणारा अ‍ॅम्प्लिफायर, कडक खोली किंवा स्पीकरची जागा, यांपैकी कशानेही येऊ शकतो. प्रत्येक उपाय विशिष्ट पट्ट्यात काम करतो : कोन बदलणे वरच्या चमकेवर, भिंतीजवळ सरकवणे बेसवर, पडदा निनादावर, इक्वलायझर निवडलेल्या पट्ट्यावर. म्हणून ‘कुठे’ आणि ‘किती’ हे आधी शोधा. फुकटच्या तपासण्या प्रथम, खोली आणि जागा त्यानंतर, इक्वलायझर त्यानंतर आणि नवीन खरेदी सर्वांत शेवटी.

स्वाध्याय

१. एका स्पीकरची जोडणी उलट झाल्यास ट्रेबलपेक्षा बेसवर जास्त परिणाम का होतो? तरंगलांबीच्या आधारे स्पष्ट करा. (सूचना : १०० हर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झची तरंगलांबी काढून ती दोन स्पीकरमधील अंतराशी ताडून पाहा.)

२. ५ × ४ × ३ मीटरच्या खोलीत एकूण शोषण १० चौरसमीटर आहे. निनादकाल काढा. तो ०.५ सेकंदावर आणण्यासाठी आणखी किती शोषण लागेल? (उत्तर : सुमारे ०.९७ सेकंद, आणखी सुमारे ९.३ चौरसमीटर.)

३. ट्वीटरवर कागद चिकटवणे आणि इक्वलायझरने २ डेसिबेल कमी करणे, या दोन उपायांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

४. कृती : तुमच्या खोलीत आरशाच्या युक्तीने दोन्ही बाजूंच्या परावर्तनाच्या जागा शोधा. तिथे गोधडी टांगून आणि काढून तेच रेकॉर्डिंग ऐका. ‘स’, ‘श’ आणि तबल्याची चाट यांत काय फरक पडला, त्याची नोंद करा.